सिंहाच्या पंजाखालचा नमुना

माझ्या बहिणीने आजवर काढलेला सगळ्यात देखणा सिंह आमच्या घरमालकांच्या कमरेवर होता. तो तिथे फार तर दीड दिवस टिकला. पण त्याच्यापायी आम्हा दोघींच्या दंडातून रक्त काढलं गेलं, पुण्यात आमच्या घरी भांडण झालं, आणि मी अशी का आहे याचं जे कारण घरात वर्षानुवर्षं सांगितलं जात होतं ते निकालात निघालं.

आधी ते कारण सांगते. मी कमी बोलते. पाहुणे आले की पाण्याचे ग्लास ठेवते आणि दाराच्या चौकटीला टेकून उभी राहते. मग कुणीतरी विचारतंच, "ही काही बोलत नाही का हो?" आणि आई सांगते, "लहानपणी हिला कांजिण्या आल्या होत्या ना, तेव्हा मागच्या खोलीत एकटी ठेवावी लागली. तेव्हापासून घुमी झाली." पाहुणे समजल्यासारखी मान हलवतात. माझ्या इंग्रजी शाळेतल्या टीचरनाही आईने पालकसभेत हेच सांगितलं होतं, आणि त्यांनी वर्षभर मला मोठ्याने वाचायला उठवलं नाही. मला हे कारण आवडायचं. कुणाला काही समजावत बसावं लागत नसे.

पुरावा म्हणून फोटो होता. लोखंडी खाटेवर एक मुलगी, केस मुलासारखे कापलेले, निळ्या फुलांचा फ्रॉक, आणि तोंडापासून पायापर्यंत कॅलामाइन लोशनचे गुलाबी ठिपके, इतके की चेहरा ओळखू येत नाही. उशाशी कडुलिंबाचा डहाळा. मुलगी डाव्या पायाचा अंगठा मुठीत धरून खाली बघत बसली आहे. ती मी. गोष्टीचा दुसरा भाग असा, की ताईला त्या वेळी तातडीने मावशीकडे पाठवलं आणि तिला कांजिण्या कधीच आल्या नाहीत. माझ्यापेक्षा ती दीड वर्षाने मोठी, आणि बडबडी.

आता मी बेंगळुरूत ताईकडे राहते, राजाजीनगरमध्ये, एका दुमजली घराच्या वरच्या मजल्यावर. मी सॉफ्टवेअरच्या चुका शोधायचं काम करते, ज्यात दिवसभर फारसं कुणाशी बोलावं लागत नाही. ताई मोबाइलमधल्या बटणांवरची छोटी छोटी चित्रं काढते. हे सगळं झालं तेव्हा तिला सहावा महिना चालू होता, म्हणून ती घरूनच काम करायची. जिजू ऑफिसच्या कामासाठी परदेशी गेले होते.

खाली घरमालक राहतात, अज्जा आणि अज्जी. त्यांचे वाडवडील बेळगावकडून इकडे आले, त्यामुळे घरात मराठीच बोलतात, पण तिच्यात कन्नड इतकं मिसळलेलं की पहिले काही महिने मी नुसतीच हसून मान हलवत असे. अज्जा मला पुट्टी म्हणतात, म्हणजे छोटी. ताई जिना उतरली की त्या दोघांशी गप्पा मारूनच पुढे जाते. मी उतरले की अज्जा म्हणतात, "पुट्टी, आज एक शब्द तरी टाक की." मी एक शब्द टाकते. बहुतेक वेळा तो "सरी" असतो, म्हणजे ठीक.

एका सकाळी अज्जी जिना चढून वर आल्या.

"रात्रभर झोपले नाहीत हे. कमरेला आग आग होते म्हणतात. दिवा लावून बघितले तर सर्पसुत्तु."

आम्ही खाली गेलो. अज्जांच्या उजव्या कमरेवर, पाठीकडून पोटाकडे, लाल पट्टा उठला होता आणि त्यावर पाण्याने भरलेल्या बारीक फोडांचे घोस. आमच्याकडे याला नागीण म्हणतात. नाव कुठलंही असो, सापच.

"डॉक्टरांना दाखवू या," ताई म्हणाली.

"दाखवू की. पण आधी सिंह काढायला पाहिजे," अज्जी म्हणाल्या.

मग त्यांनी समजावलं. सर्पसुत्तु झालं की कुंभाराकडे जायचं. तो लाल माती, म्हणजे कावी, पाण्यात कालवून त्या फोडांवर सिंह काढतो. सिंह सापाला खातो. चिकपेटच्या पलीकडे असा एक म्हातारा कुंभार होता, पण तो गेला आणि त्याचा मुलगा आता मोबाइलची कव्हरं विकतो.

"तू चित्र काढतेस नव्हं? गौरीला दारात रांगोळी घातलीस तेव्हाच मी ह्यांना म्हटले, हिचा हात कुंभाराचा आहे."

इथे ताईने नाही म्हणायला हवं होतं. ताई म्हणाली, "सिंहाचं तोंड कुठल्या बाजूला?"

हा प्रश्न अज्जींना फार आवडला. तोंड सापाच्या डोक्याकडे. म्हणजे पोटाच्या बाजूला. ताईने फोनवर सिंहाची चित्रं शोधली, त्यातलं एक निवडलं, वरून तिचा जलरंगाचा ब्रश आणला, आणि अज्जा कुशीवर वळून पडले. अज्जींनी वाटीत कावी कालवली. मला दोन कामं मिळाली. एका हातात वाटी धरायची, आणि दुसऱ्या हाताच्या दोन बोटांनी अज्जांची कातडी ताणून धरायची, कारण सुरकुत्यांवर आयाळ नीट येईना.

ब्रश फोडांवरून घसरत होता. थोड्या वेळाने ताईने तो बाजूला ठेवला आणि बोटानेच काढायला लागली.

"अज्जा, हलू नका. पंजा बिघडेल."

"मिशा घाल."

"सिंहाला तशा मिशा नसतात हो."

"आमच्या कुंभाराच्या सिंहाला होत्या. अशा पिळदार."

"तो सिंह होता की हवालदार?"

अज्जा हसले आणि त्यांचं पोट हललं आणि सिंहाचं नाक लांब झालं. मला हसू आवरेना. मी हसते तेव्हा आवाज येत नाही, फक्त खांदे हलतात, आणि खांदे हलले की वाटी हलते. कावी चादरीवर सांडली. अज्जी म्हणाल्या, "असू दे, जुनी आहे." ताईने मिशा घातल्या. पिळदार. मग लांब नाकाची भरपाई म्हणून शेपटाला सुंदर गोंडा काढला. अज्जींनी त्याला हळदकुंकू लावलं.

खरं सांगायचं तर तो सिंह बघून आम्हा चौघांना अभिमान वाटला. ताईने त्याचा फोटो काढून जिजूंना पाठवला. जिजूंचं उत्तर आलं, "हे कुणाचं पोट आहे?"

दुसऱ्या दिवशी अज्जांना ताप चढला. त्यांच्या मुलाचा कारखाना शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, बोम्मसंद्र्याला. त्याला तिथून यायला अर्धा दिवस लागला असता. तो फोनवर आईवर ओरडला आणि त्याने आम्हाला विनंती केली, जवळच्या दवाखान्यात नेता का. रिक्षात अज्जा, ताई आणि मी. अज्जी घरी थांबल्या. तिथे सिंहाचं काय होणार याची त्यांना बहुतेक कल्पना आली होती.

डॉक्टर मध्यमवयीन बाई होत्या. त्यांनी अज्जांचा शर्ट वर केला. चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला.

"हा वाघ आहे का?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

"सिंह," ताई म्हणाली.

"चांगला आहे," डॉक्टर म्हणाल्या. "पण याच्या खाली काय आहे ते मला दिसत नाही."

अडचण खरी होती. डॉक्टरांनी सांगितलं की एरवी नागीण नुसत्या डोळ्यांनी ओळखता येते, चाचणी करावी लागत नाही. पण इथे लाल काय ते मातीचं, मातीने उठलेल्या पुरळाचं की आजाराचं, कळायला मार्ग नव्हता, आणि ताप होता. त्यांनी ओल्या कापसाने सिंह पुसायला घेतला. अज्जा "आयाळ राहू दे, आयाळ राहू दे" म्हणत होते. पुढच्या पंजाखाली एक न फुटलेला, टपोरा फोड सापडला. डॉक्टरांनी तो सुईने उघडला, एका लांब काडीचं टोक त्याच्या तळाशी घोळवलं, आणि ती काडी गुलाबी पाण्याच्या छोट्या बाटलीत टाकून मोडली. ती प्रयोगशाळेत जाणार होती. फोडातल्या द्रवात आणि पेशींत विषाणू असेल तर तिथलं यंत्र तो शोधून काढणार होतं.

"कांजिण्यांचा विषाणू," त्या म्हणाल्या. "लहानपणी कांजिण्या होऊन जातात, पण विषाणू जात नाही. मज्जातंतूंमध्ये झोपून राहतो. म्हातारपणी जागा झाला की नागीण."

"म्हणजे साप नाही," अज्जा म्हणाले. त्यांना थोडं वाईट वाटलं असावं.

बाटलीवर चिठ्ठी चिकटवता चिकटवता डॉक्टरांची नजर ताईच्या पोटावर गेली.

"हे चित्र कुणी काढलं?"

"मी," ताई म्हणाली. अजून तिच्या आवाजात थोडा अभिमान होता.

"ब्रशने?"

"आधी ब्रशने. मग बोटाने."

डॉक्टरांनी चिठ्ठी खाली ठेवली. "तुम्हाला कांजिण्या झाल्या आहेत? लस घेतली आहे?"

या प्रश्नाचं उत्तर आमच्या घरात पाठ होतं. ताईने उत्साहाने सांगून टाकलं. मला झाल्या होत्या, तिला नाही. लस वगैरे तेव्हा कुणी दिली नाही. बोलता बोलता तिला डॉक्टरांचा चेहरा दिसला आणि ती थांबली.

डॉक्टरांनी घाबरवलं नाही. त्यांनी सरळ सांगितलं. नागिणीच्या फोडातला द्रव हाताला लागला तर नागीण होत नाही, पण ज्यांना कांजिण्या झालेल्या नसतात त्यांना कांजिण्या होऊ शकतात. गरोदरपणी कांजिण्या आईच्या फुप्फुसांना त्रास देऊ शकतात, बाळालाही क्वचित. त्यासाठी एक इंजेक्शन असतं, त्यात दुसऱ्यांच्या रक्तातल्या तयार अँटिबॉडी असतात, आणि ते जितक्या लवकर द्यावं तितकं बरं. पण आधी ताईच्या रक्तात स्वतःच्या अँटिबॉडी आहेत का ते बघायचं. एकदा कांजिण्या होऊन गेल्या की या अँटिबॉडी सहसा जन्मभर राहतात.

"पण तिच्या बोटाला कालच लागलंय," मी म्हणाले. मला स्वतःचा आवाज ऐकून आश्चर्य वाटलं. "मग आता अँटिबॉडी दिसल्या तर त्या कालच्या नसतील कशावरून?"

"शरीराला त्या बनवायला वेळ लागतो," डॉक्टर म्हणाल्या. "एका दिवसात नाही बनत. आज दिसल्या तर त्या जुन्याच. म्हणून आजच रक्त द्यायचं." मग माझ्याकडे बघून, "तुमचंही देऊन टाका. तुम्हीही हात लावलात ना?"

"मला झाल्या आहेत."

"कशावरून?"

"आई सांगते."

"आईचं मी ऐकतेच," डॉक्टर म्हणाल्या. "तरी द्या. तुम्ही दोघी एका घरात राहता."

अज्जांना गोळ्या लिहून मिळाल्या आणि आम्ही त्यांना दवाखान्यातल्या बाकावर बसवलं. प्रयोगशाळा त्याच गल्लीत, पहिल्या मजल्यावर. तिथे रक्त घेणाऱ्या बाईंनी ताईच्या दंडाला पट्टा बांधला. पिवळ्या झाकणाची नळी भरायला लागली. ताई घाबरली की जास्त बोलते, म्हणून तिने त्या बाईंना सिंहाची पूर्ण हकिगत सांगितली, मिशांसकट. बाईंनी विचारलं, "फोटो आहे?" ताईने एका हाताने फोन काढून दाखवला. बाई बघून म्हणाल्या, "मिशा छान," आणि मला बसायला सांगितलं. माझी शीर पटकन सापडेना. ताई म्हणाली, "तिची शीरसुद्धा घुमी आहे." आम्हाला दोघींना हसू फुटलं, अगदी नको तिथे, नको तेव्हा, आणि बाईंना सुई बाजूला करून थांबावं लागलं.

रिक्षात मात्र ताईने आईला फोन लावला आणि तिचं हसणं थांबलं.

संध्याकाळी पुण्याहून व्हिडिओवर सगळे हजर झाले. आई, बाबा, आणि शेजारच्याच गल्लीत राहणारी मावशी. आई आधी सिंहावरून ताईला बोलली. ते साहजिक होतं. मग ताईने विचारलं, "आई, मला नक्की आल्या नव्हत्या ना? नीट आठवून सांग."

"अगं, मी केलंय सगळं माझ्या हातांनी. बारा दिवस घरात फोडणी नव्हती. हिला कडुलिंबाच्या पाण्याने आंघोळ घातली. तू मावशीकडे होतीस."

"माझ्याकडे धाकटी होती," मावशी म्हणाली.

बाबांनी मान वळवून मावशीकडे बघितलं.

"काहीतरीच काय," आई म्हणाली.

"काहीतरी कसं? माझ्याकडची पोरगी दिवसभर कपाटाच्या मागे बसायची. थोरली कधी कपाटाच्या मागे बसली आहे का?"

"ती वेगळी वेळ. ते माझं ऑपरेशन झालं तेव्हा."

"ऑपरेशनला दोघी होत्या."

बाबा म्हणाले, "फोटो बघा की." बाबांनी कपाटातून अल्बम काढला आणि फोटो कॅमेऱ्यासमोर धरला, उलटा, मग सुलटा. निळ्या फुलांचा फ्रॉक. त्याने काहीच सिद्ध होत नव्हतं. आमच्याकडे एकाच कापडातून दोघींचे फ्रॉक शिवायचे, आणि ताईचा लहान झाला की तोही माझ्याकडे यायचा. म्हणजे त्या निळ्या फुलांत मी चार-पाच वर्षं काढली. केसही दोघींचे एकाच न्हाव्याने एकाच दिवशी कापलेले.

"मग तुला कसं माहीत की ती धाकटी आहे?" ताईने विचारलं.

"अगं, दिसतंय ना," आई म्हणाली. "गप्प बसली आहे."

बाबा हसले. मावशीही. आईसुद्धा हसली, पण म्हणणं तिने सोडलं नाही. "थोरली असती तर फोटो हलला असता."

ताई हसली नाही. ती सोफ्यावर मांडी घालून बसली होती, पोटामुळे जरा मागे रेलून, आणि फोन माझ्या हातात होता. फोनवर मंडळी ऑपरेशनच्या सालावर आली होती. मी ताईकडे बघत होते. ती खाली बघत होती, एकदम गप्प. आणि पोटाच्या बाजूने हात खाली घालून, अवघडत, तिने डाव्या पायाचा अंगठा मुठीत धरला होता.

मी तिला इतक्या वर्षांत गप्प बसलेली फार वेळा पाहिलेली नाही. त्यामुळे गप्प बसल्यावर ती काय करते हे मला माहीत नव्हतं. मी स्क्रीनकडे बघितलं, बाबांच्या हातातल्या फोटोकडे. पुन्हा ताईकडे. पण अंगठ्यावरून असं काही सांगता येत नाही. अंगठा कुणीही धरतं. मी आयुष्यात कधी धरला होता का ते आठवत बसले, आणि त्या रात्री तसा अंगठा धरून बसून बघितलं तर मला ते जमेना, अवघड वाटलं.

रिपोर्ट दुसऱ्या दिवशी दुपारी येणार होता. ताई काम करायचं सोंग करत होती. मी फोनवर पुन्हा पुन्हा बघत होते. तो आला तेव्हा मी स्वयंपाकघरात होते. दोन फायली. आधी ताईची उघडली. पॉझिटिव्ह, आणि आकडा मर्यादेच्या कितीतरी वर. मग माझी. निगेटिव्ह.

मी बाहेर येऊन ताईसमोर फोन धरला. तिने वाचलं. मग तिने माझ्याकडे बघितलं.

"म्हणजे मला झाल्या होत्या?"

"म्हणजे मला नाही झाल्या."

"थांब," ती म्हणाली. "आनंद नको करायला. नळ्या बदलल्या असतील. आपण हसत होतो ना, त्या बाईंचं लक्ष आपल्याकडे होतं."

आईला फोन केला तर आईचंही तेच. "बदलल्याच असणार. ताईने लग्नानंतरही आडनाव बदललं नाही, एकाच आडनावाच्या दोघी. तूच जाऊन विचार गं," हे मला. "ताईला पाठवू नकोस."

मी फोन करून विचारण्यापेक्षा चालत जाणं पसंत करते, कारण चालताना वाक्यं तयार करता येतात. प्रयोगशाळेपर्यंत मी तीन वाक्यं तयार केली, दोन इंग्रजीत आणि एक कन्नडमध्ये. काउंटरवर गर्दी होती. एरवी मी गर्दी ओसरेपर्यंत भिंतीवरचं कॅलेंडर वाचत उभी राहिले असते. तेवढ्यात एका काकांनी माझ्या पुढे हात घातला आणि मी म्हणाले, "स्वल्प थांबा, मी आधी आले आहे." मराठीत म्हणाले. काका थांबले. बहुतेक त्यांना फक्त स्वल्प कळलं, तेवढाच शब्द कन्नडमध्येही आहे.

मी सांगितलं की माझी बहीण गरोदर आहे, तिचं इंजेक्शन या रिपोर्टवर ठरणार आहे, आणि आमच्या आईच्या मते हे निकाल उलटे आहेत. काउंटरवरच्या माणसाने विचारलं, "तुमची आई डॉक्टर आहेत का?" मी म्हणाले, "नाही, पण त्या तिथे होत्या." माझी तिन्ही वाक्यं कधीच संपली होती आणि मी बोलतच होते. आतून कालच्या बाई आल्या. त्या रागावल्या नाहीत. नळ्यांवर रक्त घेतानाच नाव आणि पट्टी लावतात, दोघींसमोर लावली होती, असं त्यांनी सांगितलं, आणि ते खरं होतं, मी ती लावताना बघितलीही होती. पण इंजेक्शनचा प्रश्न आहे तर पुन्हा करून बघू, त्या म्हणाल्या. उरलेला नमुना पुन्हा लावतील, आणि ताईचं नवीन रक्तही घेतील. "या वेळी त्यांना एकटीला पाठवा," त्या म्हणाल्या. "तुम्ही दोघी आलात की काम होत नाही."

ताई एकटी गेली. मी जिन्याखाली उभी राहिले. तिला वरून माझे हलणारे खांदे दिसू नयेत म्हणून.

संध्याकाळी डॉक्टरांनीच फोन केला. जुना नमुना, नवा नमुना, दोन्ही तेच. ताईच्या रक्तात भरपूर अँटिबॉडी, सगळ्या जुन्या. इंजेक्शनची गरज नाही, बाळाला धोका नाही. माझ्या रक्तात काही नाही. चाचणी एखाद्या वेळी अगदी कमी प्रमाण चुकवू शकते, पण माझ्या बाबतीत मला कांजिण्या कधी झाल्याच नाहीत असं धरून चालायचं. मला लस घ्यावी लागेल, उद्या सकाळीच, लागण झाली असेल तर तिचा जोर कमी व्हावा म्हणून. ताईला संरक्षण असल्याने माझ्या लसीचा तिला त्रास नव्हता. "आणि अज्जांचाही रिपोर्ट आलाय," त्या म्हणाल्या. "पंजाखालचा. विषाणू मिळाला. गोळ्या चालू ठेवायच्या."

फोन ठेवल्यावर ताईने सोफ्यावरची उशी घेतली आणि तिच्यात तोंड खुपसलं. मला वाटलं रडते आहे. जवळ गेले तर हसत होती. मग मीही. किती वेळ ते माहीत नाही. खालून अज्जींनी आवाज दिला, "काय झालं गं?" आणि आम्हाला उत्तर देता येईना. शेवटी ताई जिन्याच्या कठड्याशी जाऊन म्हणाली, "अज्जी, सगळं सरी आहे." खालून अज्जांचा आवाज आला, "मी म्हटलो नव्हतो? मिशा होत्या म्हणून."

गोळ्यांबद्दल त्यांचं मत असं झालं होतं, की सिंह पुसल्यावर त्याचं राहिलेलं काम गोळ्या करतात.

पुण्याला फोन केला. मावशी म्हणाली, "कपाटामागची माझीच." बाबा म्हणाले, "फ्रॉकवर नंबर घालायला हवे होते." आईने बाबांना अल्बम पुन्हा आणायला लावला. मग ताईला म्हणाली, "म्हणजे त्या खाटेवर तू होतीस. मी रात्रभर तुझा हात धरून बसायचे, खाजवू नये म्हणून." तिचा आवाज थोडा बदलला होता. ताई म्हणाली, "हो गं. आज त्याचाच उपयोग झाला." आईने नाक पुसलं. मग तिला एकदम आठवलं.

"आणि धाकटे, तुला काहीच झालं नव्हतं?"

"नाही."

"मग तू अशी का?"

हे तिने इतक्या मनापासून विचारलं की मला उत्तर द्यावंसं वाटलं. पण इतकी वर्षं उत्तर तिनेच दिलं होतं. मी म्हणाले, "माहीत नाही. कपाटाच्या मागे बरं वाटतं."

दुसऱ्या दिवशी लस घ्यायला ताई माझ्याबरोबर आली, गरज नसताना. नर्सने माझी बाही वर करता करता नेहमीचे प्रश्न विचारले. ताप आहे का, गरोदर आहात का, कशाची अॅलर्जी. मग, "आधी कांजिण्या झाल्या आहेत?"

"नाही," मी म्हणाले. हा शब्द या प्रश्नाला मी पहिल्यांदाच दिला होता. तो बराच मोठ्याने निघाला, आणि बाकावरची दोन माणसं वळून बघायला लागली.

"तिला काहीच झालेलं नाही," ताई मागून म्हणाली. "ती मुळातच अशी आहे."

माझे खांदे हलायला लागले. नर्सने सुई वर धरली आणि कंटाळून घड्याळाकडे बघितलं. मी थांबायचा प्रयत्न करत होते, पण मागे ताईचाही श्वास अडकत होता, ते मला ऐकू येत होतं. या वेळी माझ्या हसण्याला आवाज आला.